यंत्राला दोष देण्यापूर्वी मासा तपासा

तव्यावर तेलात चुरचुरल्यावाचून माशाच्या तुकडीला खरी चव येत नाही, अशी कोकणातील जुन्या जाणत्या मंडळींची श्रद्धा आहे. आणि मसाला लावलेली तुकडी गरम हवेच्या पेटीत ठेवून, बटण दाबून, दहा-बारा मिनिटांनी ती काढून खाणारी नवी पिढी त्या श्रद्धेची गणना भाबडेपणात करते. श्रीवर्धनपासून ठाण्यापर्यंत आणि ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंत जेथे जेथे किनाऱ्यावरची मराठी कुटुंबे नांदतात, तेथे तेथे हा कज्जा आज कमी-अधिक प्रमाणात चालू आहे. एका पक्षाच्या मते एअर फ्रायरमधला मासा म्हणजे आजाऱ्याचे पथ्य. दुसऱ्याच्या मते तवा म्हणजे तेलाची उधळपट्टी आणि घरभर वासाला आमंत्रण. प्रस्तुत लेखकाचा निवाडा असा, की दोन्ही पक्षांनी भलत्याच प्रतिवादीवर फिर्याद गुदरली आहे. पांढऱ्या मांसाचा मासा त्या यंत्रात खरपूस होतो की चिवट, हे बहुतांशी यंत्रावर अवलंबून नसते. तो मासा कोठून आला, कोणी कापला आणि त्याच्या अंगात पाणी किती आहे, यांवर ते ठरते. हे एकदा मान्य केले म्हणजे स्वयंपाकघरातला हा क्षुल्लक वाटणारा वाद थेट श्रीवर्धनच्या जीवना बंदराच्या धक्क्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रथम यंत्राविषयी. हे यंत्र काही तळत नाही, भाजते. वर तापलेली तार, तिच्यामागे वेगाने फिरणारा पंखा आणि खाली जाळीदार टोपली, एवढाच त्याचा सरंजाम. अन्नाभोवती साचणारा दमट हवेचा थर पंखा सतत उडवून लावतो, त्यामुळे साध्या भट्टीपेक्षा उष्णता अन्नाच्या पृष्ठभागाला लवकर भिडते आणि तो पृष्ठभाग लवकर सुकतो. ही युक्तीही अगदी नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, विमानातून जाणाऱ्या सैनिकांना गोठवलेले जेवण गरम करून देता यावे म्हणून विल्यम मॅक्सन या अमेरिकी संशोधकाने पंख्याची भट्टी तयार केली होती. पुढे फिलिप्स कंपनीने या जातीचे घरगुती यंत्र २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले. आणि २०२२ साली युरोपात विजेचे व वायूचे दर भडकले तेव्हा मोठी भट्टी पेटवण्यापेक्षा ही लहान पेटी परवडते, या हिशेबाने ब्रिटनमध्ये तिचा खप विलक्षण वाढला. दीड हजार वॉटचे यंत्र बारा मिनिटे अखंड चालले तरी तीन दशांश युनिटाहून अधिक वीज खात नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हिशेबात तथ्य होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

तेलाच्या बचतीविषयी मात्र जाहिरातदारांनी जी मखलाशी चालवली आहे, ती कोकणी घरात जशीच्या तशी लागू पडत नाही. ऐंशी-नव्वद टक्के तेल वाचते, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती तुलना कढईभर तेलात बुडवून तळलेल्या बटाट्याच्या कापांशी केलेली असते. आपल्या किनाऱ्यावर मासा असा बुडवून तळण्याचा रिवाज फारसा कधी नव्हताच. बिडाच्या तव्यावर चार चमचे तेल सोडून, तांदळाच्या पिठात घोळवलेली तुकडी दोन्ही बाजूंनी खरपूस करणे, ही येथली वहिवाट. तव्यावरून पेटीत गेल्याने वाचणारे तेल, सबब, वाटीने नव्हे तर चमच्यानेच मोजावे लागेल. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयात करतो, त्यामुळे चमच्याचीही उपेक्षा करू नये, हे खरे. आणि ज्या खाणावळीत एकच तेल पुनःपुन्हा उकळले जाते, तेथे तर पेटी हितावहच, कारण अशा तेलात साचणाऱ्या दूषित घटकांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून पंचवीस टक्क्यांची मर्यादा घालून दिली आहे आणि ती मर्यादा ओलांडली गेली की नाही, हे जेवणाऱ्या गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. परंतु घरातल्या तव्यापुढे यंत्राचा खरा गुण तेलात नसून सोयीत आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रीला तव्यापाशी उभे राहावे लागत नाही, उडणाऱ्या तेलाने हात भाजत नाही. मुंबईच्या बंद सदनिकेत शेजाऱ्यांच्या नाकापर्यंत वास कमी पोचतो. आणि परदेशातल्या घरात धुराची घंटा वाजून सारी इमारत रस्त्यावर येण्याचा प्रसंग टळतो. हे गुण लहान नव्हेत आणि त्यांची चेष्टा करणेही योग्य नव्हे.

बिनतेलाचा पाक हे परकीयांचे खूळ आहे, हा जुन्या पक्षाचा दुसरा आक्षेपही इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. हिवाळ्यात शेतांत वालाच्या शेंगा भरल्या, की मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला अंथरून, त्यावर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी रचून, पाण्याचा वा तेलाचा थेंबही न घालता पेंढ्याच्या जाळात शिजवलेली पोपटी ही तर रायगड जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट. सुका बोंबील आपण निखाऱ्यावर भाजतो, बांगडा चुलीच्या आरावर ठेवतो, आणि त्यांना कोणी पथ्याचे अन्न म्हणून हिणवत नाही. कोरड्या उष्णतेची विद्या आपल्या आजीच्या चुलीपाशी होतीच. यंत्राने ती फक्त भिंतीतल्या विजेच्या खोबणीला जोडली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बांगडा आणि तारली हे अंगात तेल बाळगणारे मासे. त्यांना कोरडी आच मानवते, कारण त्यांचे स्वतःचेच तेल सुटून मांसाला वंगण घालते. घोळ, कोथ, ढोमा, लेप, तांबोशी, हेकरू, जिताडा यांसारख्या पांढऱ्या मांसाच्या माशांत स्निग्धांश कमी असतो, आणि त्यांचे मांस कोंबडी-बकऱ्याच्या मांसाहून कमी उष्णतेत शिजते. तुकडीच्या मध्यभागी साठ-त्रेसष्ट अंश सेल्सियस उष्णता पोचली, की मांस दुधाळ पांढरे होऊन पाकळ्यांसारखे सुटू लागते आणि ते खाण्यास निर्धोक झालेले असते. त्यापुढे प्रत्येक मिनिटागणिक त्यातला रस पिळून निघतो. दुसरीकडे, बाहेरचा खरपूस रंग येण्यासाठी पृष्ठभाग शंभर अंशांच्या बराच वर जावा लागतो आणि जोवर तेथे पाणी आहे तोवर तो शंभराच्या वर चढतच नाही. या दोन परस्परविरोधी गरजांची सांगड घालणे, म्हणजे आतला ओलावा राखून बाहेरचा ओलावा हटवणे, हीच मासा भाजण्याची सारी विद्या होय.

ही विद्या आमच्या कोळी स्त्रियांना कोणत्याही यंत्राच्या माहितीपुस्तकावाचून अवगत आहे, याचा दाखला बोंबलाने दिला आहे. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. तो उभा चिरून, काटा काढून, पाट्याखाली किंवा जड वजनाखाली दाबून ठेवतात, पाणी निथळून गेले की मग मसाला आणि पीठ लावतात, आणि मगच तो कुरकुरीत होतो. जो कोणी एअर फ्रायरमध्ये मासा ठेवणार असेल, त्याने प्रथम ही पाट्याची शिकवण घ्यावी. तुकडीला मीठ लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. सुटलेले पाणी ओतून टाकून तुकडी स्वच्छ कपड्याने टिपून कोरडी करावी. मगच मसाल्याला हात घालावा.

मसाल्याच्या बाबतीतही नव्या पक्षाची एक चूक वारंवार आढळते. तेल टाळावयाचे म्हणून कोरडे तिखट, हळद आणि पीठ-रवा तुकडीवर भुरभुरवले जाते. परिणाम असा, की पीठ पंख्याच्या वाऱ्याने उडून जाळीला चिकटते, लसूण आणि तिखट करपून कडवट होतात, आणि रवा पांढराच राहतो. तिखटाचा रंग आणि मसाल्याचा बराचसा गंध तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून चमचाभर तेल हे चैनीचे नसून कामाचे आहे. आले-लसणीचे वाटण, हळद, घरचा मसाला आणि कोकमाचे आगळ ही सामग्री चमचाभर तेलातच कालवून तुकडीला चोळावी, वर तांदळाच्या पिठाचा पातळ हात फिरवावा आणि पुन्हा तेलाची पुसट बोटे लावावीत. आगळाचे प्रयोजन केवळ आंबटपणापुरते नाही. समुद्रातला मासा मेल्यानंतर जिवाणूंच्या क्रियेने त्यात ट्रायमिथिलअमाइन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ज्याला आपण हिवस वास म्हणतो तो मुख्यतः त्याचाच. आम्लाचा स्पर्श झाला की हे द्रव्य बांधले जाते आणि हवेत कमी उडते. मात्र पातळ तुकडी आगळात तासन् तास मुरवू नये, कारण आम्ल मांसाला आच लागण्याआधीच घट्ट करते. पेटी आधी तापवून घ्यावी, एकशे ऐंशी ते एकशे नव्वद अंशांवर बोटभर जाडीच्या तुकड्या एकमेकींना न चिकटवता मांडाव्यात, आठव्या मिनिटाला सुरीचे टोक घालून पाहावे, आणि पाकळ्या सुटू लागल्या की घड्याळाकडे न पाहता तुकडी बाहेर काढावी.

इतके सारे करूनही मासा कधी कधी रबरासारखा चिवट होतो, पाण्यात उकडल्यासारखा फिका पडतो, आणि मग यंत्राच्या नावाने बोटे मोडली जातात. अशा वेळी पिशवीवरचा मजकूर वाचावा. फिलेट, ज्याला आपला बाजार सर्रास ‘बोनलेस’ म्हणतो, ती मुळात शीतगृहाची लेक आहे. १९२० च्या दशकात क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी गृहस्थाने मासा झपाट्याने गोठवण्याची पद्धत बसवली, आणि डोके, शेपूट, काटा ही अडगळ टाकून नुसते मांस खोक्यात भरून दूरदेशी धाडण्याची वाट मोकळी झाली. आज आपल्या शहरांत या रूपाने सर्वाधिक दिसतो तो बासा, म्हणजे व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातून आलेल्या आणि आता आपल्याकडे आंध्रातही पोसल्या जाणाऱ्या पंगासियस कुळातला गोड्या पाण्याचा मासा. तो खाण्यास वाईट आहे, असे मुळीच नाही. स्वस्त आहे, काटा नाही, मुले आनंदाने खातात. परंतु गोठवलेल्या फिलेटींना कित्येकदा पाणी धरून ठेवणाऱ्या फॉस्फेट क्षारांचे संस्कार केलेले असतात, वर बर्फाचा लेप असतो, आणि हे सारे पाणी पेटीत सुटू लागले की तुकडी भाजण्याऐवजी वाफेत शिजते. तव्यावर सढळ तेल, पीठ आणि तिखट यांच्या आडोशाला हा दोष काही अंशी लपून जातो. गरम हवेपुढे तो आडोसा नाही. म्हणून हे यंत्र मला माशाचा वैरी न वाटता त्याचा परीक्षक वाटते. आणि परीक्षकावर रागावणे हा नापास झालेल्याचा जुना परिपाठ आहे.

फिलेटीविषयी माझी खरी तक्रार चवीपुरती नाही. अखंड मासा आपली जबानी आपणच देतो: गलफडे उचलून पाहिले की लाल रंग दिसतो, डोळे फुगीर व चकचकीत असतात, अंगावर बोट दाबले तर खळगा राहत नाही. किनाऱ्यावरच्या बायकांची खरेदी पिढ्यान् पिढ्या या तीन पुराव्यांवर चालत आली आहे. फिलेटीला गलफडे नाहीत, डोळे नाहीत, कातडीही बहुधा नाही. ती कोणत्या माशाची, कोणत्या समुद्रातली, किती दिवसांची, याची खातरजमा करण्याचे साधन गिऱ्हाइकाच्या हातून निसटते आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबणे तेवढे उरते. सोयीच्या मोबदल्यात आपण पुरावा देऊन टाकतो, आणि हा सौदा फारच महागात पडणारा आहे.

यावर उपाय मात्र श्रीवर्धनसारख्या गावाच्या हातात आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. हे गाव इतिहासात पहिल्या भट पेशव्यांचे, बाळाजी विश्वनाथांचे, मूळ गाव म्हणून ओळखले जाते. १९४८ पर्यंत ते जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात मोडत असे. आणि बाजारपेठेत त्याची ख्याती आहे ती रोठा सुपारीमुळे. श्रीवर्धनची सुपारी गावाच्या नावानेच विकली जाते आणि त्या नावाचा वेगळा भाव घेते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेल्या सुधारित जातीलाही ‘श्रीवर्धनी’ हेच नाव मिळाले. ज्या गावाने झाडावरच्या फळाला आपले नाव देऊन त्याचा मान वाढवला, त्याच गावच्या बंदरावर उतरणारा मासा मात्र बर्फाच्या खोक्यात बसून निनावी निघून जातो, आणि त्याच गावाच्या, शेजारच्या दिवेआगर-हरिहरेश्वरच्या घरगुती निवासांत उतरणारा पाहुणा शहरात परतल्यावर दुकानातून परमुलखातली फिलेट उचलतो, या विसंगतीचा विचार कोणी करावयाचा?

माझी सूचना साधी आहे. मासा कापून, काटा काढून देण्याचे काम बंदरावरच, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत व्हावे, आणि ते कोळी स्त्रियांच्या हाती असावे. मासळीच्या विक्रीवर या समाजात पूर्वापार स्त्रियांचा अंमल चालत आला आहे. कापण्याचा हात त्यांचाच, पारख त्यांची, आणि गिऱ्हाइकाशी बोलणेही त्यांचेच. बोनलेस माशाची मागणी वाढत असताना हे काम दूरच्या कारखान्यांनी मक्त्याने घ्यावे आणि बंदरावरच्या बाईने केवळ पाटी उचलावी, हे अन्यायाचे होईल. पिंजलेला भरपूर बर्फ, वाहते पाणी, धुण्याजोगे ओटे, धारदार सुऱ्या आणि पिशवीवर माशाचे नाव, बंदराचे नाव व तारीख यांची मोहोर, एवढी तरतूद झाली तरी पुष्कळ आहे. केंद्राच्या २०२० सालच्या मत्स्यसंपदा योजनेत पकडीनंतरच्या साठवणीसाठी आणि विक्रीव्यवस्थेसाठी साहाय्य देण्याची तजवीज आहे. मच्छीमार सहकारी संस्थांनी आपल्या मागणीत धक्क्याच्या लांबीबरोबर या ओट्यांचीही नोंद रुजू करावी.

काटा काढला की अर्ध्याहून अधिक वजन वाया जाते, असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. जातीनुसार अखंड माशाच्या वजनापैकी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच मांस हाती लागते. पण वाया जाते ते अमेरिकी खोक्यात. आपल्याकडे घोळीच्या पोटातला फुगा व्यापारी मोठ्या किमतीला वेगळा नेतात, आणि मुंडी व काटा यांच्यावाचून कालवणाला अंग येत नाही, हे लहान मूलही सांगेल. मासा डोळ्यांसमोर कापला गेला, की काप पेटीसाठी आणि मुंडी-काटे कालवणासाठी, असे दोन्ही जिन्नस एकाच पिशवीतून घरी येतात. एका माशात दोन पक्षांचा तंटा मिटवण्याची ही संधी आहे. ज्यांना काटा चालतो, त्यांनी मांदेली किंवा मुडदुशी अखंडच पेटीत ठेवावी. तिच्या बारीक अंगाला सहा-सात मिनिटे पुरतात आणि कापण्याचा प्रश्नच येत नाही.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजा समुद्री मासा फारसा मिळत नाही, तेव्हा गोठवलेल्या पिशव्यांचे राज्य सुरू होते. माझ्या मते त्या दिवसांत समुद्राला आणि आपल्या हट्टालाही विश्रांती द्यावी. सोडे, सुकट, सुका बोंबील हे पावसाळ्याचे अन्न पूर्वजांनी विचारपूर्वक मुक्रर केले आहे, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या परतल्या की तुकडीची गोडी दुप्पट लागते. तसेच, यंत्र आले म्हणून तवा भंगारात देण्याची घाईही करू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, सुपारी-नारळाच्या वाड्या उन्मळून पडल्या, आणि त्यानंतर अनेक दिवस या तालुक्यातील गावे विजेवाचून होती. त्या दिवसांत ज्या घरात चूल आणि तवा होता, त्या घरात गरम अन्न शिजले.

तात्पर्य, तवा आणि पेटी यांच्यात निवड करण्याचे कारणच नाही. घाई असेल, घरात वृद्ध वा लहान मूल असेल, सदनिका बंद असेल, तर पेटी खुशाल वापरावी आणि तिच्यातून निघालेली घोळ किंवा तांबोशी निःसंकोच पाहुण्याच्या पानात वाढावी. निवड करावयाची ती माशाची. पुढच्या वेळी दुकानदार बोनलेसची पिशवी पुढे करील, तेव्हा वाचकहो, किंमत विचारण्यापूर्वी मासा कोणता, कोठल्या बंदराचा आणि केव्हाचा, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर पिशवी परत करा, आणि श्रीवर्धनला आलात तर जीवना बंदरावर उभे राहून मासा आपल्यासमोर कापून घ्या.